अक्कांचं पावणं

अक्कांचा आवाज असा, की माळावरच्या आमच्या त्या थाळीसारख्या रुंद अँटेनाची गरजच काय, असं नव्या माणसाला वाटावं. उपग्रहांची चित्रं उतरवून घेणारं आणि मागेल त्याला पुरवणारं ते राष्ट्रीय केंद्र अक्का चालवायच्या. उपग्रह क्षितिजावर आला की त्या गरजायच्या, "पावणं आलं रं! च्या ठेवा खाली!" पाहुणा जेमतेम काही मिनिटं डोक्यावर असायचा. तेवढ्यात काय उतरवून घ्यायचं ते घ्यायचं.

चित्र उतरलं म्हणजे काम संपलं, असं त्यांना कधीच वाटलं नाही. एका जुलैत संगणकाने राधानगरीकडची शिवारं निळी रंगवून पूर जाहीर केला. आम्ही हादरलो. अक्का पोट धरून हसल्या. "आरं, भाताची लावण चाललीया तिथं. खाचरात पाणी न्हाय तर काय दही असतंय व्हय?" तरी तिथल्या ओळखीच्या शेतकऱ्याला फोन लावून त्यांनी खात्री केली आणि पुराची खूण पुसून मगच चित्र पुढे सोडलं.

मग एका वर्षी खराच महापूर आला. ढगांच्या आरपार बघणाऱ्या उपग्रहाचं चित्र उतरलं. त्यावरून कुठल्या गावात कुठून बचावाची नाव घालता येईल, हे मागेल त्या बचाव पथकाला कळवायचं होतं. गावं पुष्कळ आणि आम्ही मोजकी माणसं. अक्कांचा धाकटा भाऊ कुरुंदवाडला बायकापोरांसह माडीवर अडकलेला, सकाळपासून त्याचा फोन लागत नव्हता. मी म्हणालो, "अक्का, आधी कुरुंदवाड काढू?"

"बाकीच्यांस्नी भाऊ न्हाईत व्हय? ज्यानं आधी मागितलं, त्याचं आधी."

एवढं बोलून त्या यादीतल्या पुढच्या गावाकडे वळल्या. हात कामात, डोळे फोनवर. मला त्यांचा राग आला आणि त्यांच्यासाठी जीवही तुटला. कुरुंदवाडचं चित्र गेलं ते त्याची पाळी आल्यावरच.

संध्याकाळी भावाचा फोन आला. "अक्का, नाव आलीया. पर म्हशी माडीवर चढवल्यात, त्यास्नी टाकून कसं येऊ?"

"मुडद्या, पोरं घेऊन ये की आधी!" अक्का अशा ओरडल्या, की अख्खं केंद्र खो खो हसलं. मग सगळ्यांदेखत त्या पोटभर रडल्या. पुढे म्हशीही वाचल्या.

अक्का निवृत्त झाल्या, त्यांची जागा माझ्याकडे आली. पुराच्या दिवसांत "आमचं आधी काढा" म्हणून बड्या लोकांचे फोन येतात. मी सांगतो, "साहेब, या रांगेत आमच्या अक्कांचा सख्खा भाऊ थांबला होता."