फुगडीचा तास

"हात नका धरू. हा धरा."

नाचाच्या बाईंनी कमरेला खोचलेला रुमाल काढला आणि आमच्या दोघींच्या मध्ये धरला. पांढरा, कडेला निळ्या दोऱ्याची वेलबुट्टी. दुसरा रुमाल त्यांनी एका मुलीकडून मागून घेतला. एकेक टोक कुसुमच्या हातात, एकेक माझ्या. अख्खा वर्ग मैदानावर उभा होता. कोणीच हसलं नाही. हसल्या असत्या तर बरं झालं असतं. सगळ्यांना ते बरोबरच वाटत होतं.

"आता घाला फुगडी," बाई म्हणाल्या.

मी तेव्हा आठवीत होते. अमरावतीत मुलींच्या हायस्कुलात. बाप जिनात, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यात, कापसाच्या गठाणी उचलायचा. तो नागपुरातून दीक्षा घेऊन आला त्याला दोन-तीन वर्षं झाली असतील. आला तेव्हा त्यानं घरातले देव उचलले आणि मायला म्हणाला, "आता कोनासमोर वाकाचं नाई." माय रडली, पण तिनं ऐकलं. भुलाबाईच्या मातीच्या मूर्ती मांडणं बंद झालं. फुगडी तेवढी राहिली. आमच्या वस्तीतल्या बाया दिवसभर दुसऱ्यांच्या वावरात निंदण करून यायच्या आणि संध्याकाळी लिंबाखाली फुगडी घालायच्या. मी चालायला लागले तशी फुगडी घालायला लागले. मला दुसरं काही येत नव्हतं म्हटलं तरी चालेल.

त्या वर्षी शाळेत नवीन ठरलं. कवायतीच्या तासाला सगळ्यांनी एकच कवायत करायची नाही. लेझीम, खो-खो किंवा नाच, जिला जे आवडेल ते तिनं घ्यावं. नाचात टिपऱ्या, गोफ आणि फुगडी. शिकवायला पुण्याकडच्या बाई आल्या होत्या. आवाज गोड. कोणाला कधी ओरडल्या नाहीत.

मी उभी राहून म्हटलं, "बाई, मी नाच घेतो."

"‘घेतो’ नाही, ‘घेते’ म्हणावं," बाई म्हणाल्या. आमच्याकडे सगळ्याच पोरी ‘घेतो’ म्हणायच्या, म्हणून सगळ्याच हसल्या. मीही हसले. मला वाटलं, बाईंनी मला आपल्यात घेतलं.

पहिल्या तासाला जोडी लागली ती कुसुमशी. कुसुम मोर्शीकडची. संत्र्याच्या मोठ्या बागा होत्या त्यांच्या. शिकायला ती अमरावतीत आत्याकडे राहायची. माझ्याशी ती त्याआधी कधी बोलली नव्हती, पण त्या दिवशी तिनं हात पुढं केले. मी धरले. पायाला पाय टेकवले, हातांची फुली केली आणि दोघी मागं झुकलो. फुगडीत आपला सगळा भार समोरचीवर असतो. तिनं सोडलं तर आपण गेलो. आम्ही फिरलो. शाळा फिरली, झाडं फिरली, बाई फिरल्या. बाकीच्या जोड्या थांबून पाहायला लागल्या. थांबलो तेव्हा कुसुमचा चेहरा लाल झाला होता. ती धापा टाकत म्हणाली, "काय फिरतं वं तू! उद्या पुन्हा."

त्या संध्याकाळी मी मायला किती वेळा ते सांगितलं असेल.

दुसऱ्या दिवशी कुसुम न्हालेल्या ओल्या केसांनी शाळेत आली. माझ्याकडे तिनं पाहिलं नाही. आदल्या दिवशी घरी गेल्यावर आत्यानं तिला अंगणातच उभं केलं होतं. कपड्यांसकट डोक्यावरून पाणी ओतलं होतं. सकाळी पुन्हा न्हायला लावलं. हे वर्गात सगळ्यांना माहीत झालं होतं, मला सगळ्यांत शेवटी कळलं. आत्या शाळेत येऊन बाईंना भेटूनही गेली होती.

बाईंनी मला बाजूला घेतलं. खांद्याजवळ हात आणला, लावला नाही. म्हणाल्या, "बाळ, तू लेझीम घे ना. लेझमीला कोणाचा हात धरावा लागत नाही."

मी म्हटलं, "बाई, मले फुगडी येते."

"ते दिसलंच मला," बाई म्हणाल्या. थोडा विचार केला. मग कमरेचा रुमाल काढला.

आजही मला वाटतं, त्यांना स्वतःचं फार कौतुक वाटलं असेल. कोणाला दुखवलं नाही, मार्ग काढला.

आम्ही रुमाल धरून फिरायला लागलो. रुमालावर कोण भार टाकणार? मी अंग चोरून फिरत होते. बाई टाळ्या वाजवून म्हणाल्या, "वेग! वेग वाढवा!" मी मागं झुकले. हात घामानं ओले होते. कुसुमच्या बाजूचा रुमाल सुटला. तिनं सोडला की निसटला, मला माहीत नाही. तिलाही माहीत नसेल.

मी मागं फेकली गेले. डावा हात खाली आला आणि मनगटात काडी मोडल्यासारखा आवाज झाला. कुसुमही पलीकडे पडली. तिचा गुडघा खरचटला. सगळ्या तिच्याकडे धावल्या. बाई धावल्या. कोणी पाणी आणलं, कोणी तिला उचललं, कोणी तिच्या फ्रॉकची माती झटकली. मी मैदानावर बसून होते. माझा हात वाकडा लटकत होता. दोन-तीन मुली माझ्याजवळ आल्या, वाकून पाहिलं आणि तिथंच थांबल्या. मला उठवायचं तर हात लावावा लागला असता.

माझी मीच उठले. उजव्या हातानं डावा हात धरला आणि घरी चालत गेले.

सरकारी दवाखान्यात प्लास्टर घातलं. कंपाउंडर म्हणाला, "कशी पडली?" बाप म्हणाला, "खेळताना." खरं त्याला मी सांगितलं होतं, पण तिथं तो एवढंच म्हणाला.

पुढच्या सोमवारी तो जिनातून सुट्टी घेऊन शाळेत आला. धुतलेला सदरा घातला होता. मोठ्या बाईंच्या खोलीत खुर्ची रिकामी होती. त्यांनी बस म्हटलं नाही. तो बसला नाही. मी दाराशी होते.

"बाई, पोरीचा हात मोडला."

"खेळताना मुली पडतात."

"रुमाल काहून देल्ला होता, बाई?"

मोठ्या बाईंनी चष्मा काढला. म्हणाल्या, "हे पाहा, निवड तुमच्या मुलीची होती. शाळेनं तिच्यासमोर तीन गोष्टी ठेवल्या. तिनं लेझीम घ्यायची होती. तिनं नाचच मागितला, तरी आम्ही तिला घेतलं. आणखी शाळेनं काय करायचं, तुम्हीच सांगा."

मी दाराशी उभी राहून मनात मोजत होते. नाचात हात धरतात. खो-खोत खो देताना पाठीला हात लागतो. राहिली लेझीम. सगळ्यांसमोर तीन ठेवल्या होत्या. माझ्यासमोर एकच होती. तिलाच मोठ्या बाई माझी निवड म्हणत होत्या.

मला वाटलं, बाप आता बोलेल. घरातले देव उचलताना बोलला होता तसं. तो खाली पाहत राहिला. मग म्हणाला, "बरं, बाई."

आणि त्यानं हात जोडले.

रस्त्यानं तो माझ्या पुढं चालत होता. मधेच थांबला. माझ्याकडे न पाहता म्हणाला, "तुही शाळा तुटू नये म्हनून गप बसलो, माय. तू मले माफ नोको करू."

मी त्याच्यामागून चालत राहिले.  त्याचे जोडलेले हात मला दिसत होते. मोडलेल्या हाताहून ते जास्त दुखत होते.

हिवाळ्यात गॅदरिंग आलं. माझं प्लास्टर निघालं होतं. मनगट थोडं वाकडं बसलं होतं. बाई म्हणाल्या, "तुला यंदा नाचता येणार नाही, पण कामाशिवाय कोणी राहायचं नाही. तू पाहुण्यांच्या चपला सांभाळ." मी घरी हे सांगितलं नाही. आईबाप कार्यक्रम पाहायला येणारच नव्हते, त्यामुळे लपवायलाही काही लागलं नाही.

वकिलांच्या, डॉक्टरांच्या, बागवाल्यांच्या बायका आल्या. चपला काढून आत गेल्या. कोणी माझ्यासमोर नीट ठेवल्या, कोणी पायानंच सरकवल्या. एक बाई म्हणाली, "ए पोरी, या नव्या हायेत, जपून." ती कुसुमची आत्या होती. तिनं मला ओळखलं नाही. माझ्यामुळे पोरीला दोनदा न्हाऊ घातलं आणि मी कोण ते तिला माहीतही नव्हतं.

दाराच्या फटीतून स्टेज दिसत होतं. पेटी वाजली. फुगडीच्या जोड्या आल्या. कुसुम दुसऱ्या एका मुलीबरोबर होती. त्यांनी उघड्या हातांनी हात धरले, मागं झुकल्या आणि फिरल्या. फिरणं काही खास नव्हतं. कुसुमला ती मुलगी सांभाळता येत नव्हती. तरी टाळ्या पडल्या.

मी चपलांच्या मध्ये बसून पाहत होते. तोवर मला वाटत होतं, माझंच काहीतरी चुकलं. ‘घेतो’ म्हटलं म्हणून, फार जोरात फिरले म्हणून, लेझीम घेतली नाही म्हणून. त्या दिवशी ते डोक्यातून गेलं. माझं काहीच चुकलं नव्हतं. हे कळल्यावर मोकळं वाटायला पाहिजे होतं. वाटलं नाही. आपली चूक असती तर सुधारता आली असती. हे कुठून सुधारणार होते मी? मी चपला सांभाळत बसले. कार्यक्रम संपला. एकेकीला तिच्या चपला दिल्या.

नववीत पुन्हा विचारणा झाली. बाई नावं घेत होत्या, मुली उभ्या राहून सांगत होत्या. माझं नाव आलं. बाई वर न पाहता म्हणाल्या, "लेझीम ना?"

मी उभी राहिले. "नाई बाई. फुगडी."

बाईंनी वर पाहिलं. "कोणाबरोबर?"

मी वर्गाकडे पाहिलं. कुसुम दुसऱ्या बाकावर होती. ती बोटांनी बाकावरची शाई पुसत होती. पुसतच राहिली.

"जोडी नसेल तर फुगडी कशी होईल? हट्ट करू नये."

"मी उभी राहीन, बाई."

आणि मी उभी राहिले. दर कवायतीच्या तासाला नाचाच्या रांगेत जाऊन. आजूबाजूला जोड्या फिरायच्या, मी मध्ये. पहिले काही दिवस पोरी बघायच्या. मग त्यांना सवय झाली. कडेनं वळून जायच्या, मी मैदानातला खांब असावा तशा. बाई माझी हजेरी मांडत नसत. मी समोर असायची आणि गैरहजर असायची. ऊन लागायचं, पाय भरून यायचे. घरी येऊन मी रडायची. हे सांगायला मला लाज नाही. मी शूर नव्हते. मला दुसरं काय करावं ते समजत नव्हतं, म्हणून उभी राहत होते.

माय म्हणायची, "घेऊन टाक न वं लेझीम. काय जाते तुहं?"

 जात होतं, पण काय, ते सांगायला शब्द नव्हते.

बाप मात्र एकदाही लेझीम घे म्हणाला नाही.

वर्ष संपताना मोठ्या बाईंनी बोलावलं. शिष्यवृत्तीसाठी चांगल्या वर्तणुकीचा दाखला लागायचा. म्हणाल्या, "तू शिस्त मोडतेस. पुढच्या वर्षी लेझीम घेईन असं आत्ता म्हण, मी दाखल्यावर सही करते."

समोर पेन उघडं होतं.  ‘हो’ म्हणायला किती लागतं? बापानं ‘बरं, बाई’ म्हटलं होतं, माझ्याचसाठी. मीही म्हणू शकत होते.

म्हटलं, "नाई, बाई."

त्यांनी पेन बंद केलं.

दाखला मिळाला नाही. शिष्यवृत्ती गेली. त्या शाळेत पुढं शिकणं आम्हाला जमणार नव्हतं. कुठं तक्रार करायची ते बापाला माहीत नव्हतं, मलाही नाही. अख्ख्या वर्षाच्या उभं राहण्यानं तिथं काहीच हललं नाही. मैदान तसंच, बाई तशाच. मी तेवढी गेले. त्यांना बरंच वाटलं असेल.

अकोल्याला मावशी होती. तिचा नवरा रेल्वेत खलाशी, म्हणजे मदतनीस मजूर. बापानं मला तिकडे पाठवलं. तिथल्या शाळेत फी माफ झाली. स्टेशनवर सोडायला आला तेव्हा तो म्हणाला, "तिथं तुले कोनी ओयखत नाई. सुखानं शीक." त्याचा अर्थ मला समजला. तो म्हणत होता, सांगू नको.

पूर्ण प्रवासात मी त्याचाच विचार करत होते. माझ्या नावावरून जात कळण्यासारखी नव्हती. न सांगता वर्ष निघालं असतं. कोणीतरी हात धरला असता. मी फिरले असते, पुन्हा शाळा फिरली असती, झाडं फिरली असती. आणि मग एखाद्या संध्याकाळी कोणाच्या तरी अंगणात बादली भरली असती.

अकोल्यात कवायतीचा पहिला तास लागला. तिथल्या बाई उंच, सावळ्या, आवाज घोगरा. विचारलं, "नवीन पोरी, तू काय घेतं?"

मी रांगेतून पुढं आले.  मी मोठ्यानं बोलले. सगळ्या पोरींना ऐकू जाईल असं.

"बाई, मी बौद्ध. आधीची महार. मी फुगडी घेतो. हातात हात धरून. जिले चालत नसन तिनं आत्ताच सांगावं, मागून घरी जाऊन नाई."

  रांगेतली एक पोरगी मागं सरकली, तिच्यामागून दुसरी. पुढं कोणी आलं नाही. मी तशीच उभी होते. 

कोणी येईल की नाही, हे माझ्या हातात नव्हतं. अजूनही नाही. पण त्या मैदानावर मी एक ठरवून टाकलं. यापुढं मी आधी कोण ते सांगीन, मग काय पाहिजे ते सांगीन. ते मिळालं नाही तर नाही. त्याच्या बदल्यात दुसरं काही घेणार नाही.