हात मागे बांधून शिकवणारे गजभिये सर

सगळ्यांत आधी आल्या त्या शेजारच्या कमलबाई, आणि त्याही भांडायला. "काकू, तुमच्या कूलरनं माह्या कुरडया भिजवल्या नं वं!" त्यांच्या मागून समोरच्या घरच्या वहिनी, त्या नुसत्या पाहायला. आणि या दोघींच्या मागे, डोक्याला दुपट्टा बांधून, हातात सायकल धरून गजभिये सर. सरांची नि माझी ओळख झाली ती अशी, भांडणाच्या मधोमध. दोन-तीन उन्हाळे झाले असतील त्याला.

सरांच्या पंचाहत्तरीच्या या पुस्तकात मोठमोठी माणसं लिहिणार आहेत. समितीची मंडळी म्हणाली, सरांकडे शिकलेल्या पोरांच्या घरचंही कोणी लिहा. म्हणून बसले. मी चौथीपर्यंत शिकलेली, सांभाळून घ्या.

सर कामठी रोडला मोटार वाइंडिंग शिकवतात, म्हणजे जळालेल्या मोटारीत नवी तार भरायचं काम. माझी नात प्राची त्यांच्याकडे शिकली. पहिल्या दिवसापासून सर सगळ्या पोरापोरींना "मिस्त्री" म्हणतात. येत काहीच नसतं, पण पोरं ताठ बसायला लागतात. आणि सरांचा एक रिवाज आहे. शिकणं संपलं की पहिली मोटार आपल्या घरची भरायची, घरच्या माणसांसमोर. ती चालली की मगच सर कारखान्यात शब्द टाकतात. "पहिलं गिऱ्हाईक बाप," असं त्यांचं म्हणणं.

आता आमच्याकडे बापच अडून बसलेला. माझा मुलगा दिलीप ऑटो चालवतो, स्वभावानं चांगला आहे, पण पोरीनं मोटारी भराव्या हे त्याला पटेना. "लोक का म्हणतीन माय?" हेच त्याचं एक. शेवटी मी मध्ये पडले तेव्हा एवढं ठरलं, की घरचा कूलर चालला तर पोरगी कामावर जाईल, नाही चालला तर घरी बसेल. आणि सावनेरचं एक स्थळ आलेलंच होतं.

प्राचीनं मोटार भरली, कूलरला बसवली, बटण दाबलं. पंखा फिरला, पण उलटा! हवा घरात यायच्या ऐवजी बाहेर. कूलरच्या वाळ्याच्या ताट्यांतलं पाणी उडालं ते थेट गल्लीतल्या खाटेवर, कमलबाईंच्या कुरडयांवर. दिलीप म्हणाला, "पाहा, गल्लीले थंड हवा भेटून राहिली अन् आपण उकडून राहिलो. झालं हिचं शिक्षण." पोरीचं तोंड एवढंसं झालं.

तेवढ्यात मोटार चालते का ते पाहायला सर आत आले. मला वाटलं, आता स्वतः मोटार उघडतील, त्यांना काय, हातचा मळ. पण त्यांनी दोन्ही हात पाठीमागे घेतले, एकानं दुसऱ्याचं मनगट धरलं आणि दिवाणावर बसले.

"मिस्त्री, घाई नाही. आम्ही बसलो आहो."

दिलीप म्हणाला, "सर, तुम्हीच करून टाका नं. काहून उकाड्यात बसता?"

"मी हात लावला त कूलर माहा होईन गा," सर म्हणाले. "हा तिचा आहे."

भर दुपार. सरांचा सदरा घामानं चिंब. मी पन्हं दिलं, ते घेतलं आणि हात पुन्हा मागे. कमलबाई भांडण विसरून पदरानं सरांना वारा घालत बसल्या. प्राचीनं रडत रडतच मोटार उघडली, मग केव्हातरी रडायची थांबली. म्हणाली, "सर, स्टार्टिंगच्या तारेची टोकं उलटी जोडली मी."

"मले नको सांगू, बापाले सांग."

तिनं बापाला जवळ बोलावलं, बोट ठेवून दाखवलं. आतलं दिसेना म्हणून दिलीपनं मोबाइलची बत्ती धरली. टोकं बदलून झाल्यावर बटणही त्यानंच दाबलं. थंडगार झोत तोंडावर आला तसा तो तिथेच उभा राहिला, बराच वेळ. मग वळून म्हणाला, "कारखाना कुठं आहे म्हणता सर?"

मला काय झालं, मी आत जाऊन उगाच भांडी लावत बसले.

जाताना सरांनी कमलबाईंना हात जोडले. "शिकवणारा मी आहो बाई, नुकसान माह्याकडून झालं." एवढा मोठा माणूस! कमलबाईंनी उरल्यासुरल्या कुरडया तळून सरांच्या डब्यात घातल्या.

आज प्राची हिंगण्याला पंपाच्या कारखान्यात आहे. सकाळी तिचा बापच तिला बसपर्यंत सोडतो, आणि ऑटोतल्या सवाऱ्यांना पोरगी मिस्त्री आहे हे न विचारता सांगतो.

सरांचे गुडघे कुरकुरू नयेत, बारीक तार त्यांना बिनचष्म्याची दिसो, आणि प्राचीच्या लेकरांनाही त्यांनीच मिस्त्री म्हणावं, इतकं आयुष्य त्यांना मिळो. म्हातारीचं एवढंच मागणं आहे.

परवा सर आणि त्यांच्या घरच्या बाई आमच्याकडे आले होते. गल्लीतल्या दोन पोरींना शिकायचं आहे, बाप तयार नाहीत. सर म्हणाले, मी बोलून पाहतो. तर आमचा दिलीप म्हणतो, "तुम्ही थांबा सर, आधी मी जातो. बापाचं दुखणं बापाले समजते." चहा घेऊन सर आणि बाई उठले, आणि पुन्हा यायचं कबूल करून गेले, येत्या रविवारी, ऊन उतरल्यावर.