हडळीला माणसांत आणणारे दस्तगीरभाई

दस्तगीरभाईंची आणि माझी पहिली भेट जळोचीतल्या एका लग्नात झाली. पंगतीत मी बुंदीचा लाडू तोंडात घातला, तेवढ्यात खांद्यावर व्हिडिओ कॅमेरा घेतलेले एक गृहस्थ समोर वाकून अत्यंत अदबीने म्हणाले, "सायेब, दिवा गेला हुता. तेवढा लाडू परत खाता का?" मी परत खाल्ला. नम्र माणसाला नाही म्हणणे मला कधी जमलेले नाही. पुढे पाठवणीच्या वेळी नवरीचे वडील हमसून रडत होते, तेव्हा याच गृहस्थांनी त्यांच्या पाठीवरून हात फिरवला. "आबा, कॅसेट संपली हुती. नवी घातलीया. आता रडा मोकळ्या मनानं." आणि आश्चर्य असे की आबा रडले. पहिल्यापेक्षा चांगले रडले.

भाईंच्या साठीनिमित्त ही स्मरणिका निघत आहे आणि समितीने मला पत्र पाठवले आहे : 'त्यांचा पहिला चित्रपट व दुसरा चित्रपट यांविषयी क्रमाने लिहावे.' मी आठ दिवस कोरा कागद घेऊन बसलो होतो. भाईंनी आधी काढला तो नंतर घडतो आणि नंतर काढला तो आधी घडतो. मी इंदापूरच्या कचेरीत आवक-जावक पाहणारा माणूस. पत्र येण्याआधी त्याचे उत्तर गेले, असे आमच्याकडे फार तर वर्षातून एकदोनदा होते. तरी प्रयत्न करतो. चुकले तर वाचकांनी सांभाळून घ्यावे. भाईंनी मला कायम सांभाळून घेतले आहे.

भाईंचा बारामतीत फोटो स्टुडिओ आहे, पण तालुका त्यांना ओळखतो तो वेगळ्याच कारणाने. खेड्यात म्हातारे माणूस गेले की घरच्यांना आठवते, अरे, यांचा एकही फोटो नाही! मग ते भाईंकडे येतात. भाई जुन्या लग्नांच्या कॅसेटी काढून बसतात. कुणाच्या तरी वरातीत, कुणाच्या तरी मांडवात तो माणूस सापडतोच. शेळगावच्या एका घरात माळ घातलेल्या फोटोतले आजोबा जिलेबी खाताना दिसतात. मी भाईंना विचारले, जिलेबी काढून टाकता आली नसती का? ते म्हणाले, "आली असती. पर मग म्हातारा हसला नसता." या वाक्यावर मी बरेच दिवस विचार केला आणि सोडून दिला.

आता पहिला चित्रपट. म्हणजे नंतरचा. नाव 'बारवेतली बाई'. कथा आणि संवाद माझे होते, हे इथे कबूल करणे भाग आहे. एका पडक्या बारवेत एक हडळ राहते, पाण्यातून हात काढून येणाऱ्याजाणाऱ्याचा घोटा धरते, गावातली सहा माणसे मरतात, शेवटी पाटलाच्या नातवाचा पाय धरते आणि किंकाळीवर चित्रपट संपतो. मला ही गोष्ट फार खोल वाटली होती. खोल होती ती फक्त बारव.

हडळीचे काम शेळगावच्या एका वस्तीवर अंगणवाडी चालवणाऱ्या सुमनताईंनी केले. त्यांच्या बहिणीच्या लग्नात भाईंनी त्यांचे हसणे कॅसेटवर पकडले होते आणि तेव्हापासून ते त्या हसण्याच्या शोधात होते. सुमनताई आधी नको म्हणाल्या, मग म्हणाल्या, "सुट्टीच्या दिवशी असंल तर येते."

चित्रीकरण ठीक झाले. घोटाळा झाला तो जोडणीत. मिक्सिंगच्या यंत्रात चौकटी आणि नक्ष्या होत्या त्या सगळ्या लग्नाच्या. त्यामुळे हडळ पहिल्यांदा पडद्यावर आली ती बदामाच्या चौकटीत. दुसऱ्यांदा आली तेव्हा चारी कोपऱ्यांतून गुलाबाच्या पाकळ्या पडल्या. सरपंचांचे मढे गोल फिरत फिरत लहान होत गेले आणि एका कमळात मिटले. बारामतीत लोक पोट धरून हसले. एकाने उठून विचारले, "भाई, हडळीकडनं आहेर काय आला?"

सगळ्यांना वाटले, हसे झाले, संपले. पण हसली ती मोठी माणसे. शेळगावलाही खेळ झाला, तिथे वस्तीवरची तीन-चार वर्षांची पोरे हसली नव्हती. बदाम, पाकळ्या त्यांना काही दिसले नाही. रोज सुकडी वाढणारी आपली बाई केस सोडून पाण्यातून पाय धरते, एवढेच दिसले. दुसऱ्या दिवशी अंगणवाडीच्या दाराशी पोरे आयांच्या पदराला धरून ओरडू लागली. तीस मुलांच्या पटावर सहा यायला लागली. महिन्याभराने चार. पर्यवेक्षिकांनी येऊन सांगितले की असेच राहिले तर ही अंगणवाडी पलीकडच्या वस्तीला जोडावी लागेल, आणि तिकडे बाई आधीच आहेत.

सुमनताई स्टुडिओत आल्या तेव्हा मी तिथेच होतो. त्या रडल्या नाहीत. रडल्या असत्या तर बरे झाले असते.

"भाई, धा वर्सं झाली मला. ह्या हातानं किती लेकरं चालाय शिकली. आता मी हात पुढं केला की पळत्यात."

"आयांनी समजावलं न्हाय का?"

"समजावत्यात की! म्हणत्यात, गप बस न्हायतर बाईला बोलवीन."

भाई कॅमेऱ्याची काच पुसत राहिले. मी मात्र बोललो. दुसरा भाग काढू म्हणालो, त्यात मांत्रिक आणू, हडळीचा बंदोबस्त करू. भाईंनी माझ्याकडे पाहिले. "मास्तर, तुमी तिला एकदा हडळ केली, आता मारताय व्हय?" (मी मास्तर नाही. लिहितो म्हणून ते मला मास्तर म्हणतात.) "पुढं न्हाय जायाचं. मागं जायाचं. ती बारवेत पडायच्या आधी कोण हुती, ते दाखवायचं."

"पण भाई, लोकांना शेवट आधीच ठाऊक आहे. मग बघायचं काय?"

"लग्नात काय बघत्यात? शेवट ठाऊकच असतोय की."

"आणि ती सहा माणसं? ती तर तिनं मारलीत."

"कुठं मारली? तुमचाच कागूद काढा."

मी काढला. एक जण हाय खाऊन मेला होता. एक पळताना ठेचकाळून पडला. सरपंच दचकून गेले. सहाच्या सहा जण भिऊन मेले होते, कारण खून दाखवायला आमच्याकडे ना सामान होते ना अक्कल. तिने प्रत्येकाचा घोटा धरला होता, एवढेच. का धरला होता, हे मी, म्हणजे लेखकाने, कुठेही लिहिलेले नव्हते. ते भाईंनी शोधून काढले. माझ्या गोष्टीत माझ्या नकळत एक चांगली बाई होती, हे मला दुसऱ्याने सांगावे लागले.

'बाई बारवेत पडण्याआधी' या दुसऱ्या चित्रपटाच्या चित्रीकरणात सगळेच गोंधळलेले होते. सरपंचांचे काम करणारे नामदेवतात्या रोज सकाळी विचारत, "भाई, आज मी जिता हाय का मेलेला?" भाई म्हणत, "तात्या, तुमी अजून मेलाच न्हाय." तात्या म्हणत, "मग मागल्या खेपेला माझ्या बायकूनं पडद्याम्होरं बसून कशापायी ऊर बडवला?" शिवाय ते पहिल्यापेक्षा तरुण दिसायला हवे होते. त्यांनी केसांना कलप लावला आणि ते वडिलांसारखे दिसू लागले. भाई शांतपणे म्हणाले, "टोपी घाला."

मिक्सिंगचे यंत्र यावेळी भाईंनी आणलेच नाही. रात्र नको म्हणाले, भर दुपार हवी. कॅमेरा ट्रायपॉडवर ठेवला, बारवेच्या पायऱ्यांवर रोखला आणि हलवला नाही. मी दोन दिवस बघत होतो आणि मला काही घडताना दिसत नव्हते. "भाई, भूत कुठाय?" मी विचारले. ते म्हणाले, "येतंय का बघत बसलाय न्हवं? तेच भूत."

शेवटी शेळगावच्या देवळापुढे टीव्ही मांडून खेळ लावला. डाळजला पुढे दोन्ही कॅसेटी एकाच संध्याकाळी लावल्या, त्याही घटनाक्रमाने, तेव्हा लोकांनी हडळ पाण्यातून वर येताच हात जोडले. पण ते पुढचे झाले, मी पुन्हा घोटाळा करतो आहे. शेळगावला त्या दिवशी आया पोरांना घेऊन मागे बसल्या होत्या, म्हणजे वेळ आली तर पळता येईल. सुमनताई आल्याच नाहीत. घरात दार लावून बसल्या होत्या.

पडद्यावर दुपार होती. ऊन, दगडी पायऱ्या, खाली हिरवे पाणी. सुमनताई, हिरव्या लुगड्यातली एक साधी बाई, पोहरा सोडते. दोर ताठ होतो. ती ओढते, येत नाही. हसते, कुठे अडकला म्हणून परत ओढते. दोर एकदम सैल पडतो. मग सगळ्यांत खालच्या पायरीवर एक ओले पाऊल उमटते. माणूस नाही, फक्त पाऊल. मग वरच्या पायरीवर दुसरे. पावले वर येत राहतात आणि मागची उन्हात वाळत जातात. माझ्या शेजारी बसलेल्या नामदेवतात्यांनी, जे स्वतः त्या चित्रपटात होते, माझा दंड धरला तो चार दिवस दुखत होता.

त्या बारवेत जे होते ते या बाईच्या फार आधीपासूनचे होते, हे हळूहळू कळत गेले. मग खेळता खेळता एक लहान मूल पाण्यात पडते. बाई उडी घेते. मुलाला उचलून पायरीवर ठेवते आणि तिला स्वतःला वर येता येत नाही. खालून कुणीतरी पाय धरलेला आहे. पाणी मिटते. बराच वेळ काही नाही. मग मूल पुन्हा काठाशी रांगत जाते, आणि पाण्यातून एक हात येतो, त्याचा घोटा धरतो आणि हलकेच मागे सारतो. तोच हात. माझ्या चित्रपटातला. सहा माणसे ज्याला भिऊन मेली, तो त्यांना काठावरून मागे लोटत होता.

मला गोष्ट लिहिता येते, असे तोवर मला वाटत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी भाई आणि मी वस्तीवर गेलो. सुमनताईंनी दार उघडले, पाट मांडले, सुकडीचे पातेले ठेवले आणि उंबऱ्यात बसल्या. नेहमीची चार आली. पुढे कुणी नाही. भाई बाहेर लिंबाखाली उभे राहून टोपीने वारा घेत होते. त्यांचा चेहरा मी एवढा उतरलेला कधी पाहिला नाही. मग समोरच्या घरातून एक पोरगी आली, एकटी, आईशिवाय. ती अंगणाच्या कडेला, जिथे चर खणला होता, तिथे गेली, आत उतरली, पाठीवर पडली आणि दोन्ही हात वर करून ओरडली, "बाई, मी बुडाले! मला काढा!"

सुमनताई धावल्या. त्यांनी तिला उचलून वर ठेवले. पोरगी खदखदून हसली आणि परत चरात उतरली. मग दुसरे आले. मग तिसरे. अर्ध्या तासात चरात पोरांची दाटी झाली. सगळ्यांना बुडायचे होते आणि सगळ्यांना बाईंनीच काढायला हवे होते. एका आईने दारातून ओरडून विचारले, "बाई, आमचं बी पाठवू का?" सुमनताईंना बोलायला दम उरला नव्हता. त्यांनी नुसती मान हलवली. त्या महिन्यात पर्यवेक्षिका आल्या तेव्हा पट भरलेला होता आणि मुले स्वच्छ का नाहीत, एवढीच त्यांची तक्रार होती.

हा लेख लिहिण्याआधी मी शेळगावला जाऊन आलो. सुमनताईंना म्हणालो, भाईंना साठ वर्षे पूर्ण होतात, तुमच्यातर्फे काय लिहू? त्यांनी हातातले काम न थांबवता सांगितले, "लिवा, च्यात साखर कमी करा. गुडघं दुखत्यात तर खांद्यावर कॅमेरा घिऊन मांडवात उभं ऱ्हाऊ नका, खुर्ची मागून घ्या. आन् म्हैन्याला हितं या. वजन करते. मोठा काटा न्हाय माझ्याकडं, पोरांच्या झोळीत मावंल तेवढं मावंल."

आदरणीय दस्तगीरभाई, आम्हां सर्व स्नेह्यांच्या मनातले त्यांनीच सांगितले. आपल्याला उदंड आयुष्य आणि निरोगी गुडघे लाभोत, आणि दर महिन्याला आपण शेळगावच्या त्या वस्तीवर न चुकता हजेरी लावावी, ही नम्र विनंती.