पिठावरची पावलं

जुळे सोलापुरात महानंदाच्या कडक भाकरीला नाव होतं. महिनाभर ठेवा, बिघडायची नाही, आणि मोडली की खळ्ळकन वाजायची. नवरा रुद्रप्पा टेंभुर्णीजवळ ट्रक उलटून गेला तेव्हा लेक आरोही अंगणवाडीत होती. तेव्हापासून ती पोर, सासू मल्लव्वा आणि स्वतः, अशा तिघींचं या भाकरीवरच चाललं होतं. महानंदा रडत बसणारी बाई नव्हती. रडायला तरी सवड हवी की!

एकच गोष्ट तिच्या मनातून जात नव्हती. रुद्रप्पा गेल्यावर गावाकडच्या रीतीप्रमाणे घरात पीठ पसरून त्यावर दिवा ठेवला होता आणि वर टोपली झाकली होती. सकाळी टोपली उचलायची. पिठावर मुंगीचा, पाखराचा, माणसाचा, जो माग दिसेल त्या जन्माला जीव गेला असं समजायचं. रुद्रप्पाच्या पिठावर काहीच नव्हतं. साधी रेघसुद्धा नाही. मल्लव्वा टोपली हातात धरूनच म्हणाली, "माझा ल्योक गेलाच न्हाय. हितंच हाय." बाकीच्यांनी ते म्हातारीचं दुःख म्हणून सोडून दिलं. महानंदाला सोडता आलं नाही.

आणि मग सयाजी आला. करकंबचा, टेम्पोतून भाकरीची पाकिटं दुकानांना पोचवणारा. त्याची बायको काडीमोड घेऊन गेलेली. कितीतरी दिवस तो "महानंदाताई" म्हणत होता. एक दिवस त्यातलं 'ताई' गळालं, नुसतं 'महानंदा' उरलं, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा बाईंची भाकरी तव्यावर करपली. पुढं त्यानं सरळच विचारलं, "लगीन करू या का आपण?" तिनं विचार करायला सवड मागितली. खरं तर विचार करण्यासारखं काही उरलंच नव्हतं.

गिरणीतून आलेलं पीठ गरम असतं. ते जुन्या धोतरावर पसरून गार करायचं, मगच डब्यात भरायचं. त्या दुपारी तिनं स्वयंपाकघरात पीठ पसरलं आणि केस विंचरायला आत गेली, कारण सयाजी यायचा होता. बाहेर उन्हानं कॉलनी चिडीचूप होती. परत येऊन बघते तर पिठाच्या मधोमध एक पाऊल. पुरुषाचं, उजवं, टाच खोल रुतलेली. बाहेरचं दार आतून बंद. फरशीवर पिठाचा कण नाही.

पुढच्या खेपेला सयाजी यायचा त्याच दुपारी पुन्हा तेच. पाऊल या वेळी थोडं पुढं होतं, ती पाटावर बसून भाकरी थापते त्या बाजूला. त्याच्या पुढच्या खेपेला आणखी पुढं. मल्लव्वा म्हणाली तेच खरं, रुद्रप्पा घरातच आहे, असं महानंदाच्या मनानं घेतलं. तिनं सयाजीला फोन केला, "वर येऊ नका. पाकिटं मी खाली आणून देते." तो यायचा थांबला आणि पीठ पुन्हा जसंच्या तसं राहू लागलं.

पण तिचं मन थाऱ्यावर राहीना. तिला सयाजी हवा होता, अगदी लाज सोडून हवा होता. त्याच्या टेम्पोचा हॉर्न वाजला की हातातली भाकरी सोडून ती खिडकीशी धावायची. शेवटी मल्लव्वा अक्कलकोटला लेकीकडे गेलेली बघून तिनं निरोप दिला, "आज वर या. काय ते सांगते."

पीठ पसरून ती आत गेली आणि दाराआड उभी राहिली. थोड्या वेळानं आरोही चोरपावलांनी आली. गुडघ्यांवर बसली, मूठ वळून तिची कड पिठात दाबली आणि वर बोटांच्या टोकांनी पाच ठिपके काढले. गोकुळाष्टमीला बाळकृष्णाची पावलं काढतात ना, तसं.

महानंदानं पुढं होऊन तिचा दंड धरला. "तू करत होतीस होय गं हे? माझा जीव घेतलास!"

पोरगी हुंदके द्यायला लागली. "आज्जी म्हणली, आई लगीन करून जाणार, तू माझ्यापाशी राहणार. पावलं दिसली की काका वर येत नाहीत. आज पाऊल आलंच नाही, म्हणून मी काढलं."

"आज काढलंस? आणि आधीची?"

"आधीची मी नाही काढली आई. ती मोठी होती."

महानंदानं पिठाकडं पाहिलं. मुठीचं पाऊल वीतभरसुद्धा नव्हतं. म्हणजे आधीची पावलं खरंच गडीमाणसाची होती. पण त्याहून वाईट होतं ते पोरीचं तोंड. आई टाकून जाईल या भीतीनं हे लेकरू एकटंच कुढत राहिलं होतं, आणि आई भुताला भीत बसली होती. तिनं आरोहीला कुशीत घेतलं. मग रिकाम्या स्वयंपाकघराकडं बघून मोठ्यानं म्हणाली, "ऐका. पोरगी माझ्यासंगं येणार. तुमची आईसुद्धा म्हणली तर येणार. तुमचं घर मी मोडलं नाही, वर्षानुवर्षं धरून ठेवलं. आता मलाही माणूस पायजे. रागवायचं असलं तर रागवा."

काहीच झालं नाही. फ्रिज गुरगुरत होता तेवढाच.

बेल वाजली. पदरानं तोंड पुसून ती दाराशी गेली, दोघींनी मिळून कडी काढली. सयाजी घामानं भिजलेला, चपला काढून उंबऱ्याबाहेर उभा होता.

"आधीच सांगते," महानंदा म्हणाली, "मी येणार ती आरोहीला घेऊन."

"ती तर येणारच की," सयाजी म्हणाला. मग तिच्या खांद्यावरून आत बघत संकोचला. "पण पावनं आल्यात का कोन? बेल मारली तवा आतनं गडीमाणूस बोलला. 'या,' म्हनला. 'सांभाळा दोघींना.'"