गयाआत्याच्या आसरा

माझ्या चुलतभावाचा, दत्ताचा फोन आला तेव्हा मी मशीनवर होतो. साड्या रंगवायच्या कारखान्यात फोन उचलला तरी ऐकू येत नाही, म्हणून बाहेर आलो. "आत्या गेली," एवढंच तो म्हणाला. सुरतहून गंगाखेडला आणि तिथून गावाला पोचेपर्यंत माती होऊन गेली होती. आता महिना उलटलाय, तरी जेवताना हात थांबतो.

गयाआत्या माझ्या वडिलांची थोरली बहीण. नवरा गेल्यावर माहेरी आली ती चार शेळ्या घेऊनच. आई-वडील ऊसतोडीला गेले की मी तिच्याकडं राहायचो. तिच्या शेळ्यांच्या दुधावर वाढलोय मी. आठवीत शाळा सोडली तेव्हा ज्याला त्याला माझ्यावर बोलायचं होतं, ती मात्र बोलली नाही. "हात हायत ना नीट? मग पोट भरंल," म्हणाली आणि ताटात अजून एक भाकरी टाकली.

गावाच्या खालच्या अंगाला आमचा ओढा गंगेला, म्हणजे गोदावरीला, मिळायच्या आधी पसरतो आणि तिथं बारमाही चिखलपाणी राहतं. आम्ही त्याला चिबाड म्हणतो. पाणकणीस माणसाच्या डोक्यावर जातं, आत पाणकोंबड्या. उन्हाळ्यात सगळं रान करपलं तरी आत्याच्या शेळ्यांना तिथं हिरवं मिळायचं, आणि चिबाडाच्या काठची विहीर तर अख्खं गाव पितं. पण कापसावरची फवारणी वाढली तशी माणसं घरी जाता-जाता पंप चिबाडातच धुवायला लागली, औषधाचे रिकामे डबे तिथंच भिरकवायला लागली. आत्याच्या दोन गाभण शेळ्या ते पाणी पिऊन तोंडाला फेस येऊन मेल्या. ती घरोघर सांगत हिंडली, ग्रामपंचायतीच्या ओट्यावर जाऊन बसली. पोरं हसायची, आत्या, शेळ्यांना फिल्टरचं पाणी पाज की म्हणायची. ती म्हणायची, "अन् इहिरीला कुठलं फिल्टर लावू रे बाबा?"

मग एका वर्षी सुट्टीला आलो तर चिबाडाच्या काठावर शेंदूर फासलेले सात दगड. आसरा, म्हणजे पाण्यातल्या देवी, त्यांची आमच्याकडं लय धास्ती. त्यांच्या पाण्यात कुणी थुंकतसुद्धा नाही. पंप धुणं बंद झालं होतं. मी हात जोडले, तर आत्या पदर तोंडाला लावून हसायला लागली. "पाया काय पडायलास? आपल्या गोठ्याच्या पडक्या भिंतीतले हायत ते." इतकी खूश मी तिला कधी पाहिली नव्हती.

पण आसरा म्हटल्यावर रिकाम्या हातानं कोण येणार? कुणाचं लेकरू तापलं की बाया यायला लागल्या. हिरव्या बांगड्या, नारळ, दहीभात, पिशवीतला खण, अगरबत्तीचे पुडे... सगळं पाण्यात सोडायचं. पुढं पुढं पालमच्या बाजूनं जीप भरून माणसं यायला लागली. पाणकणसाला कॅरीबॅगा लोंबायला लागल्या, भात कुजून पाण्यावर साय धरली. शेळ्या तोंड लावेनात, विहिरीला वास मारायला लागला. आत्या रोज सकाळी लुगडं खोचून गुडघाभर चिखलात उतरायची आणि दिसंल ते काढत बसायची. बायांना वाटायचं, म्हातारी देवीची सेवा करायलीय. खरं सांगावं तर पंप परत येणार, आणि न सांगावं तर हे असं. गेल्या दिवाळीत मला म्हणाली, "औषधाची घाण बंद केली अन् देवाची मीच आणली रे." मग म्हणाली, "जित्तेपणी माझी जीभ उचलत न्हाई. मी मेल्यावर तू सांग."

त्याच चिखलात बांगडीची काच तिच्या पायात गेली. पाय सुजला, ताप चढला. परभणीला नेलं तोवर उशीर झाला होता.

दहावं झाल्यावर मी दत्ताला सांगितलं. गावात त्याच्या शब्दाला वजन आहे. त्यानं नीट ऐकून घेतलं. मला वाटलं, पटलं. तर म्हणाला, "तिनंच बसवले? मग तर पक्कंच झालं. आसरांनी तिच्या हातानं जागा धरली. उगं कुणाच्या बी हातानं बसत्यात का त्या?" मी म्हटलं, अरे, विहीर नासायलीय. तो म्हणाला, "तू दोन दिस येतूस अन् आमाला शिकवायलास." खाडे वाढले तर काम जाईल म्हणून मला दुसऱ्या दिवशी निघायचंच होतं. तोंडानं सांगून झालं, म्हणून आता इथं लिहून सांगतोय. ते दगड गोठ्याच्या भिंतीचेच आहेत. पाणी तेवढं खरं आहे.

मागच्या आठवड्यात दत्तानं फोटो पाठवला. सातांच्या शेजारी आठवा दगड बसवलाय, आत्याच्या नावाचा. शेंदूर अजून ओला, त्यावर घडी न मोडलेली हिरवी साडी, प्लास्टिकसकट. मी लगेच आईला फोन लावला. म्हटलं, तू तरी काही सोडू नकोस तिथं, जमलं तर चार पिशव्या काढ. आई चिडली नाही, फक्त म्हणाली, "तिच्याकडं मोकळ्या हातानं जाऊ व्हय? तुला वाढवलंय तिनं."

दुसऱ्या दिवशी आईचाच फोन आला. आत्याला आवडायचा म्हणून दहीभात सोडून आली होती, माझं काम टिकावं म्हणून, माझ्या नावानं. मुंग्या लागू नयेत म्हणून पिशवीत घट्ट गाठ मारून.