सरकारला मामाचं गाव कशाला?

नातीचा कागद वाचला आणि माझं डोकं भणभणलं. सायबर सुरक्षेच्या सरकारी जागेसाठी अर्ज करायचा होता, उद्या शेवटचा दिवस, आणि माझ्या दिवट्या लेकानं तुमसरच्या झेरॉक्सच्या दुकानातून तिचा बायोडाटा छापून आणला होता. वर गणपती. खाली उंची, रंग गोरा, रास, कुलदैवत. मामाचं गाव आंबागड. ‘अपेक्षा’ या शब्दापुढे फक्त ‘अनुरूप स्थळ’ काढून ‘सरकारी नोकरी’ घातलेलं.

“काहून रे, सरकार काय पोट्टी पाहाले येऊन राहिलं?”

“माय, एकाच कागदात दोन्ही कामं होतात. पाहुण्यायलेही देता येते.” वरून हसला.

माझी नात सिहोऱ्याच्या एका पतसंस्थेत कॉम्प्युटर सांभाळते. गेल्या दिवाळीत भामट्यांनी तिथली सगळी खाती कुलूपबंद करून पैसे मागितले. साहेब लोक घाम पुसत बसले. हिनं मशिनी नेटपासून तोडल्या, वेगळ्या ठेवलेल्या बॅकअपवरून सगळं काम परत उभं केलं, भामटे शिरले ते भोक शोधून बुजवलं. आणि कागदावर काय? ‘संगणकाच्या कामात मदत केली. स्वभाव मनमिळाऊ.’

“मदत कोणाले केली व? साहेबाचा घाम पुसाले?”

“आजी, मी मी करणं बरं नाही दिसत.”

हे ऐकलं आणि मला माझंच विशीतलं ध्यान आठवलं. राग दुप्पट झाला. राईस मिलच्या हापिसात मुलाखतीला गेले होते. घरच्या धंद्यात कोणत्या विणकराला किती सूत द्यायचं, कोणाची लुगडी कधी येणार, सगळं मीच सांभाळायची. मालकानं विचारलं, “काय येते?” महाराणी पदराशी खेळत म्हणाल्या, “काही नाही जी, शिकून घेईन.” विनयाला नुसता पूर आला होता! मालकानं बिचाऱ्यानं विश्वास ठेवला. ज्याला जागा मिळाली त्याला बेरीजही येत नव्हती, पण तसं तो बोलला नाही.

“जाहिरात उघड,” मी ओरडले. “त्यायले काय पाहिजे?”

तिनं वाचलं : हल्ला ओळखणे, रोखणे, काम पूर्ववत करणे.

“मंग हेच लिही. काय झालं, तू काय केलं, त्यानं कोणतं नुकसान टळलं. रास घाल चुलीत.”

तिनं लिहिलं, ‘आम्ही हल्ला रोखला.’

“आम्ही कोण? तू अन् तुहा मनमिळाऊ स्वभाव?”

शेवटी ‘मी’ उमटला. भोक नेमकं कुठं होतं तेही लिही म्हटलं, तर ती ठाम म्हणाली, “नाही आजी. पतसंस्थेचं गुपित बाहेर सांगणाऱ्याले सुरक्षेचं काम कोण देईल?” तेवढं तिचं खरं होतं. परीक्षा, कोर्स खाली घातले. एका पानात मावलं. अर्ज गेला.

दुसऱ्या सकाळी पाहुणे येणार म्हणून लेक घरभर शोधत फिरला. “माय, तो बायोडाटा कुठी गेला?”

“आंघोळ केली न? पाणी कायच्यावर तापलं मंग?”