कोकमतेल आणि छत्तीस टक्के चरबी

गेल्या रविवारी आमच्या घरी एका काचेच्या वजनकाट्याने सासऱ्यांचा भात बंद केला... तोही नव्या तांदळाचा!

आम्ही खालापूरजवळच्या गावात राहतो, घरची भातशेती आहे. मी मोहोपाड्याला नोकरी करते आणि दिवसभर खुर्चीत बसून जे व्हायचं ते झालं. म्हणून दसऱ्यानंतर चालायला लागले, भात सोडला आणि अंगातली चरबी टक्क्यांत सांगणारा हा काटा ऑनलाइन मागवला.

ड्रेस सैल झाले, वजनही थोडं उतरलं... पण चरबीचा आकडा ढिम्म हलेना. उलट थंडी पडली तसा वरच चढायला लागला! सकाळी उठून काट्यावर उभं राहायचं आणि मग दिवसभर तोंड पाडून फिरायचं, असं चाललं होतं माझं.

त्यात रविवारी नव्या तांदळाचा पहिला भात शिजला. देवाला नैवेद्य दाखवून सासूबाई वाढायला आल्या. त्या वासाने जीव कासावीस झाला, तरी मी ज्वारीची भाकरी घेऊन बसले... आमच्याकडे भाकरीही तांदळाचीच, त्यामुळे ज्वारी माझ्यासाठी खास विकत आणलेली. सासूबाईंनी माझ्या ताटापाशी आलेला डाव तसाच मागे नेला. मला फार वाईट वाटलं.

तेवढ्यात बाबा, म्हणजे माझे सासरे, उठले. "मला बी बघू दे गं, काय बोलतेय तुझी मशीन!"

मोबाईलमध्ये त्यांचं वय, उंची टाकली आणि त्यांना काट्यावर उभं केलं. छत्तीस टक्के! बाबांच्या अंगावर चिमटीत धरायला मांस नाही, सगळा जन्म शेतात राबण्यात गेलाय. आमची हसून हसून मुरकुंडी वळली.

बाबा मात्र शांतपणे पाटावर बसले आणि म्हणाले, "मंग मला बी भाकरीच दे."

आमचं हसणं तिथेच थांबलं. सासूबाईंचा पारा चढला. "या मशीनला डोळं हायत का नाय?" म्हणत त्या काटा उचलून बाहेर ठेवायला निघाल्या... आणि काटा त्यांच्या हातातून सटकता सटकता वाचला. बघते तर काचेवर बाबांच्या पावलांचे दोन तुकतुकीत ठसे!

कोकमतेल... थंडीत टाचा फुटतात म्हणून आमच्याकडे सगळेच रात्री आणि अंघोळीनंतर कोकमतेलाचा गोळा गरम करून तळव्यांना चोळतात. मी तर दोन थर लावते. आणि खोक्यातल्या कागदावर लिहिलंय, पाय स्वच्छ आणि कोरडे हवेत. तो काटा तळव्यांतून बारीकसा करंट सोडतो आणि तो किती अडतो त्यावरून चरबीचा अंदाज बांधतो म्हणे. भेगाळलेल्या टाचा, वर तेल... बिचारा करंट जाणार कुठून?

मग गरम पाणी, साबण, टॉवेल... बाबा सतरावर आले आणि मीही चांगली पाच टक्क्यांनी उतरले! लगेच ओळखीच्या जिम ट्रेनरला फोन लावला. तो म्हणाला, "हाही अंदाजच आहे ताई, पाणी कमीजास्त प्यायलात तरी बदलतो. रोजचा आकडा नका बघू, तो महिन्या-महिन्याला कुठे चाललाय ते बघा." त्याचं बोलणं संपेपर्यंत मी भात वाढून घेतला होता.

"बाबा, मशीन चुकलं होतं. आता तुम्ही पण भात घ्या," मी म्हटलं.

बाबा हसले. "मशीनवर कोन इश्वास ठेवतोय गं? नव्या भाताच्या दिवशी तू एकटीच भाकरी चावत बसलेलीस... मला बरं दिसंना ते."

डोळ्यांत पाणी आलं माझ्या, खोटं कशाला सांगू. सासूबाईंनी माझ्या भातावर तूप वाढलं... आणि ते किती टक्के होतं, ते मी अजिबात विचारलं नाही.